काजळ लावलेलं चाक

प्रेमिला जन्मली त्या सालची ही गोष्ट. प्रेमिला म्हणजे लटारूची नात, त्याच्या एकुलत्या एका लेकीची, रंभाची, थोरली पोर. आदल्या दिवाळीत चांदा जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला होता आणि शिमग्याच्या आसपास मतदान झालं होतं. म्हणजे साल सत्तावन. घरात कोणाला साल आठवलं नाही तर प्रेमिलाचं वय मोजून मागं जातात.

लटारू धानोऱ्याचा. मोटारींचे मेलेले टायर आणून त्यांच्या वहाणा करायचा. चामड्याचं काम बापापासूनचं, पण जंगलात हिंडणाऱ्याला चामडं पुरत नाही. बांबूचे खुंट, बोरीचे काटे, तापलेला मुरूम. टायरची वहाण मात्र दोन-तीन वर्षं हलत नसे. तेंदूपत्त्याला जाणारे, बांबू तोडणारे, मासे धरायला तळ्यात उतरणारे, सगळे लटारूच्याच वहाणा घालायचे. चांगल्या वहाणेची खूण तो एकच सांगायचा. तळ उलटा करून रबराखालचं सूत दाखवायचा. टायरच्या पोटात सुताचे थर असतात, जाड कापडासारखे, एकावर एक. वरचं रबर झिजून जातं, पण खिळा धरून ठेवतं ते सूत. वादी कितीही ताणली तरी निसटत नाही ती सुतामुळं.

"सूत दिसलं म्हनजे घाबरू नोको," तो गिऱ्हाइकाला म्हणायचा. "खरी वहान आता सुरू झाली."

हे त्याचं ज्ञान वहाणेपुरतं खरं होतं.

धानोऱ्याहून गडचिरोलीला तेव्हा एकच मोटार जायची, गुणवंतरावांची. चोवीस मैलांचा कच्चा रस्ता, दोन्ही बाजूंनी जंगल. सकाळी सातला निघायची, दिवस मावळता परत यायची. जुनी, पुढं लांब नाक असलेली गाडी. कागदावर वीस माणसांची, चढायची तीस-पस्तीस. वर टपावर मोहफुलाची, डिंकाची, चिंचेची पोती. मागं जोडचाकं नव्हती, दोन बाजूंना एकेकच चाक. ड्रायव्हर घनश्याम, कमी बोलणारा, लटारूच्याच वयाचा.

पौष संपत आला तेव्हा एका सकाळी गुणवंतराव स्वतः लटारूच्या अंगणात आले. मागून घनश्याम दोन टायर लोटत आला.

"लटारू भाऊ, तुह्या हातचं काम आनलं."

लटारूनं टायरवरून तळहात फिरवला. दोन्ही नदीतल्या गोट्यासारखे गुळगुळीत. "मेले का हे?"

"मेले नाई बापा. थकले."

पुढच्या मंगळवारी चांद्याला मोटारीची पासिंग होती. दर साली व्हायची. साहेब ब्रेक बघायचे, दिवे बघायचे, आणि टायरच्या नक्षीत बोट घालून बघायचे. नक्षी नसेल तर कागद नाही, आणि कागद नसेल तर मोटार रस्त्यावर आणायची नाही, असा कायदा. नव्या टायरांसाठी गुणवंतरावांनी दिवाळीच्या आधीच नागपूरला नंबर लावला होता. नंबर काही येत नव्हता. आणि महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा तोंडावर आली होती.

"नक्षी कापून दे," गुणवंतराव म्हणाले. "रापी तापव अन् नव्या टायरवर असते तशी रेघ मार. पुढचे दोन बरे आहेत. या मागच्या दोनाचंच काम आहे."

लटारूनं घनश्यामकडं पाहिलं. "काय गा, चालते का असं?"

"पासिंगपुरतं चालते," घनश्याम म्हणाला. मग मालकाकडं बघून पुन्हा म्हणाला, "पासिंगपुरतं."

"मंग काय जनमभर वापरून राह्यलो का मी?" गुणवंतराव म्हणाले. "नवे आले का हे लटारूलेच देतो, वहाना करजो म्हनतो. पन आज मोटार बंद झाली तर अख्ख्या धानोऱ्याले गडचिरोली पायी गाठा लागन. पोटुशी बाई असो का म्हातारं असो."

तेही काही खोटं नव्हतं. लटारूची स्वतःची लेक गडचिरोलीला दिलेली, तिला पाचवा महिना संपून सहावा लागलेला. त्या मोटारीशिवाय लेकीचं तोंड दिसायचं नाही.

दोन दिवस त्यानं ते काम केलं. रापी, म्हणजे चामडं कापायचं पातं, निखाऱ्यात तापवायची, लाल व्हायच्या आधी काढायची आणि एका दमात ओढायची. रबर जळल्याचा वास गल्लीभर. पुढच्या चाकाची नक्षी त्यानं आधी कोळशानं फळीवर उतरवून घेतली होती. आडव्या नागमोडी रेघा, मधून एक सरळ वाट, कडेला तिरपे खाचे. सगळं तसंच उतरलं. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले.

त्याची बायको वच्छला तांदूळ पाखडत होती. तोंडाची फटकळ. "अजी," ती म्हणाली, "रंभाच्या लगनात नवरीच्या हातावर मेंदी काढाले बाई भेटली नाई. तवा काऊन नाई सांगतलं का तुमाले येते मनून?"

"तुले काढून देतो एखाद दिवशी."

"रापी तापवून? राहू द्या."

दुसऱ्या टायरला शेवटच्या वितीवर रापी ओढली आणि काळ्या रबरात पांढरं दिसलं. सूत. बोटभर लांब. रापी काही खोल गेली नव्हती, तिथं रबरच तेवढं उरलं होतं. लटारूला भीती वाटली नाही. सूत आहे म्हणजे जीव आहे, हे त्याला आयुष्यभर ठाऊक होतं. चिंता एवढीच की काळ्यावर पांढरं उठून दिसतं, साहेबांच्या डोळ्यात यायचं.

"वच्छला, थोडं काजळ आन वो."

"कोनाच्या डोळ्यात घालता?"

"टायरच्या."

वच्छला एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं काजळ घेऊन आली. तिनं वाकून पाहिलं आणि लटारूच्या हातात डबी न देता स्वतःच बोटानं काजळ त्या खाचेत भरलं. चांगलं दाबून, वरून चोळून. मग उरलेल्या काजळाचा एक ठिपका टायरच्या कडेला लावला, तान्ह्या पोराच्या गालाला लावतात तसा.

"घ्या. दीठ नाई लागनार आता."

चांद्याला साहेबांनी बोट घातलं, मान हलवली आणि कागदावर शिक्का मारला. घनश्यामनं येऊन सांगितलं तेव्हा लटारू दिवसभर खुशीत होता. आपलं काम साहेबांच्या बोटालाही समजलं नाही, याची त्याला ऐट वाटली. घनश्याम हसला नाही, ते त्याच्या ध्यानातही आलं नाही.

जत्रेत मोटार पाच दिवस न थांबता धावली. स्टेपनीचा टायर तिथंच फाटला. तो लटारूच्या अंगणात येऊन पडला आणि त्याच्या सहा जोड वहाणा झाल्या. एक जोड लटारूनं स्वतःच्या पायात घातली.

शिमगा झाल्यावरची गोष्ट. मोटार चिंचेच्या सावलीत उभी होती आणि घनश्याम खाली बसून पुढच्या चाकाच्या नक्षीत अडकलेले खडे चिमट्यानं काढत होता. लटारू विडी ओढत बाजूला बसला.

"एवढे बारीक गोटे काऊन काढतो गा?"

"गोटा हळूहळू आत घुसते. रबर कापते. सकाळी गार असताना हवा पाहाची, गोटे काढाचे, कडेले चीर गेली का पाहाचं. टायर सांभाळला त तो आपल्याले सांभाळते." घनश्यामनं एक खडा उडवला. "अन् नक्षी कायले असते, मालूम आहे का तुले?"

"पकड धराले."

"ते त आहेच. चिखल, पानी बाजूले सारते ते. पन नक्षी झिजली म्हनजे रबर सरत आलं, असा निरोप असते तो. आपन निरोपच खोटा लिहून ठेवला."

लटारूच्या हातातली विडी थांबली. "अन् सूत दिसलं त?"

"सूत दिसलं म्हनजे टायर मेला. लाव-काढ काई नाई, फेकून द्याचा."

"वहानेत त सूतच..."

"वहानेत हवा असते का?" घनश्याम पहिल्यांदा हसला. "सुतावर आतून हवेचा जोर. वरून मानसाईचं, पोत्याईचं वजन. रबर त्याचं पांघरून आहे. पांघरून गेलं का धूळ घासते, पानी मुरते, एक एक दोरा तुटते. मंग एखाद्या दिवशी भर उन्हात..." त्यानं मूठ उघडून दाखवली.

लटारूनं आपल्या पायातल्या वहाणेकडं पाहिलं. वहाणेत माणूस वरून दाबतो आणि खाली जमीन असते. टायरमध्ये आत कोणीतरी बाहेर यायला बघत असतं, चोवीस तास. एवढी साधी गोष्ट वीस वर्षं टायर कापणाऱ्या माणसाला कधी सुचली नव्हती, कारण त्याच्याकडं टायर यायचा तो हवा गेल्यावरच.

"घनश्याम," तो म्हणाला, "डाव्या अंगाच्या मागच्या चाकात सूत आहे. मी काजळ लावलं त्याले."

घनश्यामनं रॉकेलचा बोळा घेतला आणि चाक पुसलं. काजळ निघालं. बोटभराचं सूत आता वीतभर झालं होतं, आणि कडेचे दोरे केसासारखे उभे राहिले होते. त्यानं बोळा खाली टाकला. शिवी दिली असती तर लटारूला बरं वाटलं असतं.

दोघं तसेच गुणवंतरावांकडं गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, घरात जाऊन नागपूरची चिठ्ठी आणली आणि वाचून दाखवली. पुढच्या महिन्यात नंबर लागेल असं लिहिलं होतं.

"तवापर्यंत स्टेपनी लावा."

"स्टेपनी याच्या पायात आहे," घनश्याम म्हणाला.

गुणवंतरावांनी लटारूच्या वहाणांकडं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "मंग सांगा तुमीच. बंद ठेवू मोटार? उद्यापासून ठेवतो. तू सांग लटारू, ठेवू बंद?"

रंभाला तेव्हा आठवा लागणार होता. बाळंतपणाला तिला माहेरी आणायचं का तिकडंच ठेवायचं, हे ठरत नव्हतं. मोह पडायला लागला होता, आणि मोहाची पोती गडचिरोलीच्या बाजारात गेली नाहीत तर गावानं पावसाळ्यात काय खायचं? मोटार बंद ठेवा असं म्हणणारा त्या ओसरीवर कोणीच नव्हता.

मग जे जमेल ते करायचं ठरलं. माणसं विसाच्या वर घ्यायची नाहीत. पोती उजव्या अंगाला. दुपारी मोटार उन्हात उभी करायची नाही. आणि लटारूनं रोज सकाळी मोटार निघायच्या आधी जाऊन ते चाक बघायचं. खडे काढायचे, सूत किती वाढलं ते बोटानं मोजायचं. ते मोजून काय होणार होतं देव जाणे. पण तो रोज जायचा. चाकाशी उकिडवा बसायचा, तळहात लावायचा, वैद्यानं नाडी बघावी तसा.

"सवतच आनली मनाव तुमी माह्यावर," वच्छला म्हणायची. "सकाळी उठले का तिच्याच पायापाशी."

तिला त्यानं सगळं सांगितलं होतं. ऐकून ती आपल्याच बोटाकडं बघून म्हणाली होती, "माय! मी त मनलं नक्षीच्या कामाले शोभा येईन."

मोह पहाटे पडतो. फुलं ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, नाहीतर जनावरं खाऊन जातात. आणि मोह जसा माणसाला गोड, तसा अस्वलाला. म्हणून आमच्याकडं मोहाला एकट्यानं जायची रीत नाही. एकानं वेचायचं, दुसऱ्यानं झाडाखाली पाला पेटवून धूर करायचा, डबा वाजवायचा, मोठ्यानं बोलत राहायचं. लटारू आणि वच्छला लगीन झाल्यापासून जोडीनंच जायचे. धूर करणं आणि डबा वाजवणं लटारूकडं. त्या वर्षी मात्र मोह ऐन भरात आला आणि मोटारीची वेळही तीच.

चैत्री पुनवेनंतरच्या बुधवारी सकाळी वच्छला टोपली घेऊन दारात थांबली. "येता का?"

"चाक पाहून येतो. तू हो पुढं. धुरपता आहे ना संगं?"

"धुरपता तिच्या झाडापाशी, मी माह्या झाडापाशी." तिनं रिकामा डबा उचलला, हलवून पाहिला आणि परत ठेवून दिला. दोन हातांत टोपली, डबा आणि विळा मावत नव्हते. "या मंग लवकर. मी गानं म्हनत राहीन, अस्वल पळून जाईन."

"तुहं गानं आयकून त गावही पळते."

हे त्यांचं घरातलं शेवटचं बोलणं.

लटारू चाकाशी बसला होता. सूत त्या दिवशी वीत आणि चार बोटं भरलं. तो तिसऱ्यांदा मोजत होता तेव्हा नाल्याकडून आरडाओरडा ऐकू आला. चार माणसं खाटेवर कोणाला तरी घेऊन पळत येत होती. पुढं धुरपता, त्यांची शेजारीण, लुगडं रक्तानं भरलेलं. ते रक्त तिचं नव्हतं.

"लटारू भाऊ! अस्वल! वच्छलेले!"

अस्वल माणसाच्या तोंडावरच येतं. डोक्याची कातडी कपाळापासून मागं सुटली होती, एक गाल फाटला होता, आणि तोंड वाचवायला वर केलेला उजवा हात कोपरापासून चिरला होता. शाळेच्या मास्तरांनी स्वतःचं धोतर फाडून डोकं आणि हात आवळून बांधला. म्हणाले, शिवायला पाहिजे, इथं कोणी नाही, ताबडतोब गडचिरोलीच्या दवाखान्यात न्या, दुपारपर्यंत पोचली तर वाचेल.

मोटार निघायच्याच बेतात होती. लोक म्हणाले, नशीब. बसलेली माणसं न सांगता खाली उतरली, टपावरची पोती लोकांनी भराभर खाली फेकली. मधल्या वाटेत गोधडी अंथरून वच्छलेला निजवलं. तिचं डोकं धुरपतानं मांडीवर घेतलं. लटारू तिच्या कमरेशी बसला. बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं की तो डाव्या बाजूला, नेमका त्याच चाकाच्या वर बसला आहे. तो उठून उजवीकडं गेला. मग त्याला वाटलं, माझ्या एकट्याच्या वजनानं काय होतं. तरी तो परत डावीकडं आला नाही.

घनश्यामनं मागं वळून पाहिलं. त्याला विचारायचं होतं ते लटारूला समजलं.

"जोरात घेऊ का हळू?"

जोरात घेतली तर चाक जाईल. हळू घेतली तर वच्छला. लटारूनं दोन्ही हात उघडे केले आणि तसेच मांडीवर ठेवले.

पहिले दहा-बारा मैल बरे गेले. वच्छला शुद्धीवर होती. डाव्या हातानं तिनं लटारूची वहाण धरून ठेवली होती, तेवढीच हाताला लागत होती म्हणून. प्रत्येक खड्ड्याला तिची बोटं आवळायची, आणि प्रत्येक खड्ड्याला लटारू खालचा आवाज ऐकायचा. ऊन चढलं. चातगावच्या अलीकडं, चढ उतरून मोटार सपाटीला लागली आणि बंदुकीसारखा बार झाला. मोटार डाव्या अंगाला बसली, सरपटत थोडी पुढं गेली आणि साजाच्या झाडापाशी थांबली. उलटली नाही. घनश्यामनं धरून ठेवली.

मग वच्छलेचा बारीक आवाज आला, फाटक्या गालातून, नीट न उमटणारा.

"कोनतं चाक?"

"डावं," लटारू म्हणाला.

"मागचं?"

"हाव."

ती थोडा वेळ श्वास घेत राहिली. "काजळ पुसलं वाट्टे माहं."

धुरपतानं तोंडाला पदर लावला.

रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर आठ-दहा घरांचा गोंडांचा टोला होता. घनश्याम धावत गेला आणि एकट्या म्हाताऱ्याला घेऊन आला. म्हाताऱ्याचं नाव बिरजू. त्यानं जोहार केला आणि मोटारीत डोकावून बघितलं.

"गाडी-बैल आहे का बाबा?" लटारूनं विचारलं. "खाटेले खांदा द्याले मानसं?"

"मानसं मोहाले गेले. बायाही गेल्या. बैल जंगलात चरून राह्यले." बिरजूनं सूर्याकडं पाहिलं. "दोपारी येतीन. बलावतो." तो टोल्यावर परत गेला आणि थोड्या वेळानं तिकडून ढोल वाजायला लागला, माणसांना बोलावण्याचा. जंगल मोठं होतं. ढोल कुठवर पोचत होता कोणास ठाऊक.

घनश्यामनं चाक काढलं. टायर हातभर फाटला होता, नेमका त्या नागमोडी रेघेतून, जणू कापायला रेघ मारून ठेवली होती. आतल्या ट्यूबच्या चिंध्या.

"तनस भरून पाहू," घनश्याम म्हणाला. "फौजेच्या एका गाडीवाल्यानं सांगतलं होतं एकदा, गवत ठासून भरलं त बैलाच्या चालीनं जाते."

टोल्याच्या खळ्यावर तनसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, ढीग होता. दोघांनी तनस आणलं, पाण्यानं ओलं केलं, पिळून दोरासारखं वळलं. पण फाटक्या जागेतून ते बाहेर येत होतं. तिथं आतून काहीतरी जाड लावायला पाहिजे. लटारूनं पायातल्या वहाणा काढल्या. रापी आणि आरी त्याच्या कमरेला नेहमी असायची. त्यानं वाद्या कापल्या, दोन्ही तळ आतून एकावर एक ठेवले आणि वादीनंच टायरला शिवायला बसला. अनवाणी, तापलेल्या मुरमावर. हातांना काम समजत होतं. जन्मात त्यानं एवढी चांगली शिवण घातली नसेल.

मधेच धुरपतानं हाक मारली. "भाऊ, पानी मांगून राह्यली ते."

"दे."

"तुमी या."

"एवढे दोन टाके," लटारू म्हणाला. "एवढे दोन झाले का निघालोच."

दोनाचे दहा झाले. पहिल्या टाक्यापासून चाक परत बसेपर्यंत सूर्य डोक्यावर आला. माणसं अजून आली नव्हती. घनश्यामनं मोटार सुरू केली आणि ती खरंच चालली. माणूस रमतगमत चालेल तशी, पण चालली. लटारू मोटारीबाहेर, त्या चाकाच्या बाजूनं चालत होता, एक डोळा शिवणीवर. आतली वच्छला त्याला तिथून दिसत नव्हती.

दोन मैल असे गेले. मग चाकातून धूर यायला लागला. तनस आत घासून तापलं होतं. थांबवून पाणी ओतलं. पुन्हा निघाले. आणखी अर्धा मैल. वहाणेचे तळ टिकले, टाके टिकले, एकही सुटला नाही. त्यांच्या शेजारचं रबर मात्र फाटत गेलं, आणि भुसा झालेलं तनस रस्त्यावर सांडत राहिलं. शेवटी लोखंड मुरमात रुतलं आणि मोटार थांबली.

तेव्हा मागून टोल्याची माणसं पळत येताना दिसली, खाट घेऊन. त्यांनी काही विचारलं नाही. वच्छलेला खाटेवर घेतलं आणि दुडक्या चालीनं निघाले, दर फर्लांगाला खांदा बदलत. लटारू खाटेच्या बाजूनं पळत होता. आता त्याच्या हातात काही नव्हतं, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं. बांधलेल्या कपड्यातून एक डोळा उघडा होता. तो वर फांद्यांकडं बघत होता.

"रंभाले आता नोको सांगजा," ती म्हणाली. "नववा आहे तिले."

"नाई सांगत."

"तुमचे पाय भाजून राह्यले."

"नाई भाजत."

त्यानंतर ती बोलली नाही. गडचिरोली पाच मैलांवर असताना एका माणसानं खांदा बदलताना तिच्या पायाला हात लावला आणि बाकीच्यांकडं पाहिलं. चौघांनी खाट हळूच रस्त्याकडेला उतरवली. लटारू थोडा पुढं गेला होता. त्याला वाटलं खांदा बदलतात.

तेरवीच्या दिवशी मोटार धानोऱ्याला आली ती मागच्या दोन नव्या कोऱ्या टायरांवर. नागपूरचा नंबर लागला होता. गुणवंतराव उतरले, लटारूच्या अंगणात आले आणि भिंतीशी बसून राहिले. जाताना घनश्यामनं त्या फाटक्या टायरचं काय करू म्हणून विचारलं. लटारूनं तो घेतला नाही. घनश्यामनं तो नाल्यापलीकडं पुरला म्हणतात.

रंभाला आई गेल्याचं बाळंत झाल्यावर कळवलं. प्रेमिला वच्छला गेल्यानंतर एकोणीस दिवसांनी जन्मली. लटारू त्यानंतरही पुष्कळ जगला. वहाणा चामड्याच्या केल्या, टायरच्या नाही. मोटारीत बसायची वेळ आली की आधी खाली वाकून चारी चाकांवरून हात फिरवायचा. ड्रायव्हर हसायचे, काही चिडायचे. कधी कधी एखाद्या चाकात त्याला सूत दिसायचं. तो सांगायचा. ड्रायव्हर म्हणायचा, हो बाबा, ठाऊक आहे, पुढच्या महिन्यात बदलतो. मग लटारू त्याच मोटारीत बसायचा, कारण दुसरी मोटार नसायची.

वच्छलाबाई, लटारूची बायको, रंभाची आई, १७ एप्रिल १९५७, बुधवार, दुपारी तीनच्या सुमारास, धानोरा ते गडचिरोली रस्त्यावर, खाटेवर वारली.